दोन दातांमधली हाक

चाचांबरोबर मासे पकडायला जायचं तर पहिला नियम असा, की कुठे चाललो हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. इथे ओमानमध्ये, हमरियातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानासमोर मी गाडी लावायची, त्यांनी गळांची पिशवी डिकीत टाकायची आणि दोघांनी तोंड मिटून निघायचं. एकदा शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या माणसाने नेमकं विचारलं, "चाचा, किधर चले?" चाचा गाडीतून उतरले, दुकानात परत गेले, पंखा लावला, चहा मागवला, तो बशीत ओतून सावकाश प्यायले आणि जणू आत्ताच दिवस उजाडलाय अशा थाटात पुन्हा येऊन बसले. "यल्ला, चल," म्हणाले. तोवर डिकीतला बर्फ वितळून आमिषाच्या तारल्यांचा वास सुटला होता. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "सुटू दे. अपशकुन घेऊन निघालो असतो तर आपला वास सुटला असता."

दुसरा नियम नावाचा. जो मासा हवा त्याचं नाव पाण्याजवळ काढायचं नाही. मी साताऱ्याकडचा, मासा ताटात आल्यावरच ओळखणारा. सीफाच्या समुद्रकाठच्या खडकांवर पहिल्यांदा बसलो तेव्हा सहज बोलून गेलो, "चाचा, आज सुरमई लागेल ना?" त्यांनी शांतपणे दोरी गुंडाळायला घेतली. "आता कशी लागंल? तू तिला आवतण दिलंस. मरायला कोण येतो आवतणावर?" त्या दिवशी खरंच काही लागलं नाही आणि परतीच्या डोंगरवाटेवर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून आमच्यात सुरमई म्हणजे 'ती' आणि हमूर हा इथला जाडजूड मासा म्हणजे 'तो जाड्या'. एकदा बायकोने फोनवर विचारलं, काय मिळालं, आणि मी सवयीने सांगून टाकलं, "ती आली नाही, पण मी जाड्याला घेऊन येतोय." मग तिने विचारलं, "जेवायला आहे का तो?" मी म्हटलं, "तोच जेवण आहे."

हे सगळे नियम मुळात शिकारीचे. चाचांनी ते गावाहून आणले आणि मासेमारीला लावले, कारण ओमानमध्ये शिकार करायची सोय नव्हती आणि नियमांवाचून चाचांना करमत नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे ते. तरुणपणी इकडे आले आणि दिशदाशा शिवायला लागले. दिशदाशा म्हणजे इथले पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा अंगरखा. उंच, जरासे पुढे वाकलेले, गळ्यात कायम टेप, आणि वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये अशी ऐसपैस फट, की हसले की आधी ती फट दिसायची आणि मग चाचा. शिवताना धागा ते तिथेच अडकवून तोडत. पण त्या फटीचं खरं काम वेगळं होतं. तिच्यातून हाक निघायची.

ससा कशात अडकला की जिवाच्या आकांताने ओरडतो ना, तशी ती हाक. चाचा जीभ दातांच्या मागे लावायचे, तळहाताची ओंजळ तोंडाशी धरायचे आणि फटीतून हवा आत ओढायचे. आवाज इतका खरा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्यांच्या पायाखाली काही चिरडलं की काय म्हणून वाकून पाहिलं होतं. गावच्या पारधीत हाक देण्याचं काम त्यांचं होतं. तिच्यावर कोल्हे यायचे, रानमांजरं यायची. आणि त्याच हाकेतून लांब झाडावर बसलेल्या बंदूकवाल्याला कळायचं की चाचा आपल्या जागी पोहोचले. त्यावर बंदूकवाल्याने बोलायचं नाही, फक्त बंदुकीच्या दस्त्यावर दोनदा टकटक करायचं. म्हणजे मीही जागेवर आहे.

हे फार जुनं. आता कायदा आहे आणि चाचांनाही तो मान्य होता. "तेवा जनावरं जास्त होती नि माणसं कमी. आता माणसं मारायला परवानगी नाय म्हणून गप बसायचं," एवढंच म्हणायचे.

बंदूकवाला त्यांच्याच गावच्या कुणबीवाडीतला. भातं नासवणाऱ्या रानडुकरांवर गावात सगळ्यांचाच राग, म्हणून डुकराच्या पारधीलाही चाचा हाक द्यायला जात. मांसाचे वाटे पडायचे: बंदुकीचा एक, कुत्र्यांचा एक, हाकाऱ्यांचा एक. डुकराचा वाटा चाचांना चालणार नाही हे बंदूकवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही. पारध झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या पडवीत पाय बांधलेला कोंबडा येऊन पडायचा. जिवंत अशासाठी, की चाचांनी तो आपल्या रीतीने कापावा. "डुक्कर जेवढा मोठा तेवढा कोंबडा मोठा," चाचा सांगायचे. "एकदा असलं धूड पाडलं की त्याने बायकोचा लाडका तुरेवाला पाठवून दिला. त्याची बायको माझ्याशी वर्षभर बोलली नाय. मी काय केलं होतं? मी नुसती हाक दिली."

बंदूकवाल्याच्या गोष्टी चाचांकडे मोप होत्या आणि एकही दोनदा सारखी निघायची नाही. तो माचाणावर बसला, खालून डुकरांचा अख्खा कळप आला, आणि ह्याच्या लक्षात आलं की बंदुकीत दारू ठासायची राहिली. मग त्याने काय केलं? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने चप्पल फेकून मारली होती. पुढच्या हिवाळ्यात त्याने भाकरीचं फडकं फेकलं, चटणीसकट. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो स्वतःच खाली पडला आणि डुकरं त्याला घाबरून पळाली. मी म्हटलं, "चाचा, मागे चप्पल होती." चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "माणूस पडला तर चप्पल काय वर राहील?"

आमच्या माशांची वाटणीही ह्याच रीतीने व्हायची. गळाचा एक वाटा, हाताचा एक आणि गाडीचा एक. गाडी माझी म्हणून तिचा वाटा मला. पण तिने वाटेत त्रास दिला असेल तर तो कापला जायचा. एकदा कुरियातच्या रस्त्यावर टायर पंक्चर झाला, तेव्हा गाडीला नुसती डोकी मिळाली. मी कुरकुरलो तर चाचा म्हणाले, "कुत्रा कामाला आला नाय तर कुत्र्याला पण डोकंच."

मासे लागत नसले आणि उन्हं उतरायला लागली की चाचा मला डोंगराकडे न्यायचे. कोरड्या नदीच्या पात्रात एखाद्या खडकामागे बसून हाक द्यायची आणि खोकड येतं का बघायचं. इथली खोकडं म्हणजे मोठ्या कानांचे, पोट खपाटीला गेलेले छोटे कोल्हे. आलं तर ते मान वाकडी करून ससा शोधायचं, चाचा कपाळाला हात लावून त्याला सलाम करायचे, ते ओशाळून निघून जायचं. खलास. एवढ्यासाठी आम्ही तास तास बसायचो आणि मला, का कोण जाणे, त्याचा कधी कंटाळा आला नाही.

एकदा मात्र खोकडाऐवजी एक म्हातारी आली. चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा बुरखा, हातात काठी, मागे शेळ्या. कुणीतरी आपलं करडू चिरडतंय असं वाटून ती उतारावरून धावत आली होती, आणि पाहते तर दोन बाप्ये दगडाआड दबून बसलेले. तिने जो तोंडाचा पट्टा सोडला त्यातलं मला काही कळलं नाही आणि चाचांनाही फारसं कळलं नसावं. चाचांची अरबी म्हणजे छाती, खांदा, बाही आणि इन्शाल्ला. तेवढ्यावर सशाची हाक समजावून सांगता येत नाही. शेवटी त्यांनी तोंडाशी ओंजळ धरली आणि पुन्हा हाक दिली. झालं, सगळ्या शेळ्यांनी माना वळवल्या आणि दोन करडं थेट चाचांच्या मांडीवर चढली. म्हातारी गप्प झाली. काठीनेच खूण करून तिने चाचांना तोंड उघडायला लावलं, ती फट नीट निरखून पाहिली आणि इतकी हसली की खाली बसली. मग ओढणीच्या गाठीतले खजूर काढून आमच्यापुढे ठेवले. परतताना चाचा म्हणाले, "आमच्या घरात माझ्या दातांचं एवढं कौतुक कुणी केलं नाय."

पण त्या हाकेचं सगळ्यात मोठं काम शुक्रवारी दुपारी असायचं.

नमाज झाली, जेवण झालं की चाचा दुकानाचं शटर अर्धं ओढून गावी फोन लावायचे. घरी नव्हे, बंदूकवाल्याच्या घरी. बंदूकवाला म्हातारा होऊन खाटेला लागला होता आणि काही वर्षांपासून विसरत चालला होता. आधी नावं गेली, मग माणसं. पोटचा मुलगा 'तो माणूस' झाला आणि सून 'ती बाई'. चाचांचं नाव घेतलं तर विचारायचा, कोण तो? मुलगा फोन खाटेशी धरायचा. चाचा इकडून हाक द्यायचे. थोडा वेळ काही नाही. मग पलीकडून खाटेच्या लाकडावर टकटक ऐकू यायची, दोनदा.

"आलास?"

"आलो."

"वारा कुटला हाय?"

"खालचा."

"मग गप ऱ्हा. बोलू नुको."

आणि दोघेही गप्प. एक रत्नागिरीत खाटेवर, एक हमरियात एसीखाली अर्धवट शिवलेल्या दिशदाशांच्या ढिगाशेजारी. फोन तसाच चालू. मी पहिल्यांदा तिथे होतो तेव्हा काही बोलायला गेलो तर चाचांनी डोळे वटारून मला गप्प केलं. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन बंद केला आणि त्या दिवशी ते कुणावर ओरडले नाहीत, गिऱ्हाइकावरसुद्धा.

"बाकीचे सगळे साथी मातीत गेले," ते मला म्हणाले. "हा एक हाय. त्याला मी कोण, कुठचा, काय ठाऊक नाय. पण हाक ठाऊक हाय. जोवर हाक हाय तोवर मी त्याचा हाय, इंजिनेर. हाक गेली की मी पण 'तो माणूस'."

मी इंजिनिअर असल्यामुळे ह्यावर उपाय करायला निघालो. हाक मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि बंदूकवाल्याच्या मुलाला पाठवली, म्हटलं चाचा कधी आजारी पडले तर कामाला येईल. मुलाने ती खाटेशी लावली. म्हाताऱ्याने थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रेडू बंद कर तो." हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांना काय आनंद झाला. "मशीनला वारा कुठे कळतो?" दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला ते ही गोष्ट सांगत होते, मापं घेता घेता, मराठीतून.

आणि मग गेल्या थंडीत ते दात हलायला लागले.

चाचांनी आधी लपवलं. पण मी बघत होतो. धागा दाताऐवजी कात्रीने तुटायला लागला, खजूर खिशात जायला लागले, पाव चहात बुडून यायला लागला. एका सकाळी गाल इतका सुजला की बोलताना डावा डोळा मिटायचा. त्यात साखरेचा आजार. मी त्यांना जवळजवळ ओढतच रुवीतल्या एका दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई केरळच्या, बोलायला गोड. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "चाचा, आगे के दोनों निकालने पड़ेंगे."

"नीचे के ले लो," चाचा म्हणाले.

"नीचे के तो अच्छे हैं।"

"इसीलिए बोलता हूँ. अच्छे वाले ले लो, ये दो छोड़ दो."

बाईंना वाटलं म्हातारा घाबरला आहे. त्या समजूत घालायला लागल्या, तेव्हा चाचांना राहवलं नाही. खुर्चीत उताणे पडल्या पडल्याच त्यांनी सुजल्या तोंडाशी ओंजळ धरली आणि हाक दिली. बाहेर बसलेली दोन माणसं अपॉइंटमेंट टाकून निघून गेली. रिसेप्शनवरची मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आत आली. मग मी बाईंना सगळं सांगितलं, बंदूकवाला, खाट, शुक्रवार. त्या जरा वेळ हातातल्या आरशाशी चाळा करत राहिल्या. म्हणाल्या, लोक माझ्याकडे फट बुजवायला येतात. तुमच्या कवळीत मी मोजून फट ठेवीन, पण हे दात ठेवले तर पू जबड्यात उतरेल, आणि साखर अशी असताना मग माझ्या हातात काही राहणार नाही.

"शुक्रवार होऊ द्या," चाचा म्हणाले. शुक्रवार झाला. "एवढा एक होऊ द्या," म्हणाले. तोही झाला. अंगात ताप, आणि मशीनवर बसून पाय मारतायत. शेवटी माझा तोल सुटला. मी दुकानात, दोन ओमानी गिऱ्हाइकांसमोर, त्यांच्यावर ओरडलो, "दात राहिले आणि तुम्हीच गेलात तर ते दात काय आपले आपण हाक देणार आहेत?"

चाचांनी पाय थांबवला. विचार केला. "ह्यात पॉइंट हाय," म्हणाले.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी हाक दिली ती मला आजही ऐकू येते. टकटक झाली, वाऱ्याचं बोलणं झालं. मग चाचा हळूच म्हणाले, "ऐक रे, मी काय म्हंतो..." "बोलू नुको," पलीकडून आलं. फोन नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहिला.

दात काढले, सूज उतरली, कवळी आली. बाईंनी शब्द पाळला होता. फट जिथल्या तिथे होती. पण हाक निघेना. कवळीचं प्लास्टिक टाळ्याला चिकटून बसायचं आणि जिभेला जागाच मिळायची नाही. चाचा सीफाच्या खडकांवर जाऊन सराव करायचे. कवळी घालून केलं तर कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज, काढून केलं तर नुसती फुंकर. खोकडं सोडा, मांजरसुद्धा वळून बघेना. बाईंनी कवळी दोनदा घासून दिली. फरक एवढाच पडला की चाचा 'स' म्हणायला गेले की शिट्टी वाजायची, नको तेव्हा.

दात काढल्यावरचा पहिला शुक्रवार आला, चाचांनी फोन लावला नाही. नेटवर्क नाय म्हणाले. पुढचा आला, तेव्हा ईदची शिलाई अंगावर आली होती. तिसऱ्या शुक्रवारी मी दुकानात बसलो असताना बंदूकवाल्याच्या मुलाचाच फोन आला.

"चाचा, बरे आहात ना? बाबा दुपारी खाट वाजवत बसतात. कुणी बोलत नाही म्हणून परत वाजवतात. आता पण वाजवतायत."

आणि मागून आम्हाला ऐकू येत होतं. टकटक. मग थांबून पुन्हा टकटक.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. समुद्रात पाय घसरला तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. त्यांनी कवळी घातली, काढली, पुन्हा घातली. ओंजळ तोंडाशी धरली. हवा ओढली.

फुस्स.

टकटक थांबली. पलीकडे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी भांडी विसळत होतं. चाचांनी पुन्हा जोर लावला. ह्या वेळी शिट्टी वाजली, बारकी, फाटकी, मध्येच तुटलेली. त्यात ससा नव्हता, काहीच नव्हतं. चाचांचं बोट फोन बंद करायला पुढे गेलं.

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं.

"दात पडलं काय रं तुजं?"

चाचांचं बोट तिथेच राहिलं.

"पडले," चाचा म्हणाले.

"मंग बोंब कशाला मारतंस? असल्या हाकंवर काय येनार? जनावर पळल." म्हातारा पुन्हा खाकरला. "ऱ्हाऊ दे. हाक नुको. नुसता येऊन बस हितं."

चाचांची बायको, मुलगे, सुना, सगळे परत या, परत या म्हणून थकले होते. त्या सगळ्यांना त्यांचं उत्तर एकच असायचं, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी. ते मी कितीदा ऐकलं होतं. मला वाटलं आताही तेच म्हणतील. त्यांनी टेपच्या टोकाने डोळे पुसले.

"येतो," म्हणाले. "जागा धर."

ईदचे कपडे देऊन झाले आणि चाचा खरंच गेले. मशीन भाच्याला दिलं, गळ मला दिले. परवा मी फोन केला होता. बंदूकवाल्याचा मुलगा सांगत होता, दुपारी दोघे पडवीत एका खाटेवर बसलेले असतात, समोरच्या अंगणाकडे बघत, आणि घरातलं कुणी जरा मोठ्याने बोललं की दोघेही त्याच्या अंगावर खेकसतात.